तुम्ही विचारलंत म्हणून: अँड्रोमेडाचं राहिलेलं

‘अँड्रोमेडाचं पुढचं कधी देताय?’

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, व्याख्यानानंतर चहाच्या रांगेत विचारला गेलाय, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबून मग विचारलाय. तेव्हा उत्तर द्यावं लागलं नाही, तेवढंच बरं. एरवी मी काही ना काही सांगत आलोय. हक्कांचा पत्रव्यवहार चालू आहे. मोतीबिंदू काढलाय. कागद महागलाय, प्रकाशक तयार होत नाहीत. यातलं एकही खोटं नव्हतं आणि एकही खरं कारण नव्हतं. आता एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या पंगतीत मला जेवता येईल.

प्रश्न कुठून येतो ते आधी. बरीच वर्षं झाली, एका दिवाळी अंकात ‘ए फॉर अँड्रोमेडा’ या इंग्रजी कादंबरीचा मी केलेला संक्षेप आला होता. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल आणि जॉन एलियट यांची ही कादंबरी १९६२ची. आदल्या वर्षी, म्हणजे १९६१च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बीबीसीवर याच दोघांनी लिहिलेली याच नावाची सात भागांची मालिका झाली आणि तिच्यावरून हे पुस्तक झालं. अंक वाचलेल्यांना गोष्ट पाठ आहे, इतरांसाठी एका दमात सांगतो. यॉर्कशरमधल्या नव्याकोऱ्या रेडिओ दुर्बिणीवर देवयानी, म्हणजेच अँड्रोमेडा, दीर्घिकेच्या दिशेने संदेश येतो. फ्लेमिंग नावाचा एक तिरसट शास्त्रज्ञ ओळखतो, की हा संदेश म्हणजे एक संगणक कसा बांधायचा याची कृती आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, थॉर्नेस नावाच्या क्षेपणास्त्रांच्या तळावर, तो संगणक उभा राहतो. मग तो संगणकच माणसांना प्रश्न विचारायला लागतो, आणि माणसांकडून एक जीव घडवून घेतो. त्याच्यापाशी काम करणारी क्रिस्तीन नावाची मुलगी विजेच्या धक्क्याने मरते. पुढे तिच्याच चेहऱ्याची दुसरी एक मुलगी प्रयोगशाळेत वाढवली जाते. तिचं नाव आंद्रे.

अंकातला संक्षेप आंद्रे डोळे उघडते तिथे थांबला होता. खाली चौकटीत छापलं होतं, ‘उत्तरार्ध लवकरच’.

ती चौकट माझी नव्हे. पण तिचं व्याज आजतागायत मी फेडतोय.

आता या पुस्तकात मला एवढं काय दिसलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं म्हाताऱ्याची कुरकुर वाटेल. माझी सगळी नोकरी दूरसंचार खात्यात गेली. टेलिप्रिंटर, छिद्रं पाडलेली कागदी फीत, आणि पुढे या सगळ्याला खाऊन टाकणारा संगणक, हे मी हातांनी हाताळलंय. फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात हे पुस्तक मिळालं तेव्हा त्याला मुखपृष्ठ नव्हतं. लोकलमध्ये उभ्याने वाचायला लागलो. परग्रहवासी येणार, तबकड्या येणार, अशी तयारी केली होती. कुणीच येत नाही. येतो तो नुसता मजकूर. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर. म्हणजे निरोप निघाला तेव्हा इथे वाचणारा माणूस जन्माला यायचा होता, आणि पोचला तेव्हा ‘मिळाला का?’ असं विचारायला तिथे कोण उरलं असेल ते देव जाणे. पाहुणा येत नाही, पाहुणा कसा रांधायचा याची पाककृती येते. तारखात्यातल्या माणसाला याहून भयंकर काही सुचवून दाखवा.

ही कल्पना त्या वेळी हवेत होती. १९५९ मध्ये कोकोनी आणि मॉरिसन या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकात लिहिलं, की परकी संस्कृती असलीच तर तिचे रेडिओ संदेश पकडण्याइतकी आपली साधनं आता तयार आहेत. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक या खगोलशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीने तसं ऐकून बघितलंही. पण यंत्रानेच जीव घडवून घ्यायचा, हा पुढचा टप्पा इतक्या कोरडेपणाने मांडला तो हॉयलनी. एका ठिकाणी संगणक अणूंची मांडणी छापून देतो आणि यांच्याकडून काढून घेतो, की इथले जीव कशाचे बनलेत. उत्तर कार्बनपाशी येतं. ते पान मी ज्याला वाचून दाखवतो त्याला सांगतो, बाबा रे, हे लिहिणारा माणूस कोण आहे ते बघ. ताऱ्यांच्या पोटात कार्बन तयार होत असेल तर त्याच्या अणुकेंद्राला ७.६५ एमईव्हीच्या (अणुकेंद्राची ऊर्जा मोजायचं हे माप) आसपास ऊर्जेची एक पातळी असलीच पाहिजे, नाहीतर तुम्हीआम्ही इथे नसतो, असं याने १९५३ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत जाऊन सांगितलं, आणि तिथल्या लोकांनी प्रयोग केला तर ती पातळी निघाली. अशा माणसाच्या गोष्टीतलं यंत्र ‘तुम्ही कशाचे?’ असं विचारतं तेव्हा तो प्रश्न करमणुकीचा राहत नाही.

मराठी वाचक हॉयलकडे बहुधा नारळीकरांच्या बोटाला धरून येतो. मीही तसाच आलो. आणि इथे मला एक गोष्ट नेहमी खुणावते. नारळीकर १९६० मध्ये केंब्रिजला हॉयल यांच्याकडे संशोधनाला लागले. १९६१च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्याच मार्टिन राइल या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातल्या रेडिओस्रोतांच्या मोजणीवरून जाहीर केलं, की हॉयल यांचा स्थिर स्थितीचा सिद्धांत, म्हणजे विश्वाला सुरुवात नाही, ते कायम सारखंच असतं हे म्हणणं, निकालात निघालं. पत्रकारांना बोलावून, हॉयलना समोर बसवून. त्यानंतर रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत हॉयल यांची बाजू मांडायला उभा राहिला तो त्यांचा कोवळा विद्यार्थी, जयंत नारळीकर. आणि त्याच वर्षी शरद ऋतूत इंग्लंडच्या घराघरांत हॉयल यांची मालिका दिसत होती. तिच्यात एक रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यावर आलेले संकेत आहेत, आणि त्यांचा अर्थ सगळ्या समित्यांपेक्षा जास्त कळलेला पण कुणी न ऐकलेला एक चिडका शास्त्रज्ञ आहे. हा निव्वळ योगायोग असेलही. गोष्टीचा आराखडा फेब्रुवारीच्या आधीच ठरला असेल. तरी मला ते पुस्तक वाचताना दुखऱ्या जागेवर हात ठेवून लिहिल्यासारखं वाटतं, आणि हे वाटणं मी कुणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही.

असो. आता त्या दिवाळी अंकाचं.

मी पूर्ण भाषांतर करून ठेवलं होतं, रजा टाकून टाकून. संपादकांना मी ओळखत होतो. माणूस वाचणारा, चोखंदळ. परवानगीचा पत्रव्यवहार त्यांनी केला. संक्षेप मीच करून देतो म्हणालो, तर म्हणाले, ‘तुम्ही नका. आईने मुलाचे केस कापू नयेत.’ हसलो. श्रावणात प्रुफं बघायला बोलावलं. पेठेतलं जिन्यावरचं ऑफिस, टेबलावर जाहिरातींचे ब्लॉक, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली पितळी वजनं. मी प्रुफं घेऊन खिडकीत बसलो.

पहिली पानं ठीक होती. दुर्बीण, रात्र, संकेत. मग पान उलटलं तर थेट थॉर्नेस. संगणक बांधून तयार. मला वाटलं पानं मागेपुढे झाली असतील. क्रमांक बघितले, ते बरोबर होते.

ऑस्बर्न गेला होता. व्हॅन्डेनबर्ग गेला होता. मंत्री गेले होते. ‘इंटेल’ नावाची ती आंतरराष्ट्रीय व्यापारी टोळी, तिचा माणूस कॉफमन, तिला माहिती विकणारा ब्रिजर, सगळे गेले होते. (आजच्या मुलांना त्या नावाचं हसू येतं. चिपा करणारी कंपनी त्यानंतर सहा-सात वर्षांनी निघाली.) ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांना कळावं म्हणून सांगतो. ही माणसं म्हणजे विज्ञान खात्यातले, संरक्षण खात्यातले अधिकारी, अमेरिकन जनरल, आणि त्यांच्या बैठका. फ्लेमिंगला मोठा संगणक हवा असतो. त्या ताकदीचं सगळं लष्कराकडे असतं. लष्कर म्हणतं, घ्या, पण आमच्या कुंपणात, आमच्या अटींवर, आणि कुणाला सांगायचं नाही. या बैठका पुस्तकात पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक बैठकीत कुणीतरी सभ्य माणूस सभ्य भाषेत आणखी एक पाऊल मंजूर करतो.

मी म्हटलं, ‘अहो, बैठका कुठे आहेत?’

‘काढल्या,’ संपादक म्हणाले. ‘मीटिंगा कोण वाचणार? लोक दिवसभर तेच करून घरी येतात.’

‘पण त्या काढल्या तर यंत्राला वीज कुणी दिली ते कळतच नाही.’

‘कळायला कशाला पाहिजे? यंत्र आहे, वीज असणारच.’

आवाज मी चढवला नाही. चढवायला हवा होता की नाही ते अजून ठरत नाही. मी समजावून सांगायला लागलो. या बैठका नसतील तर ही आकाशातून आलेल्या राक्षसाची गोष्ट होते. राक्षस आला, मुलगी मेली, दुसरी मुलगी झाली. बैठका असतील तर प्रत्येक पायरीवर कुणाची तरी सही आहे. धोका आहे हे फ्लेमिंग ओरडून सांगतोय आणि ते कुणाला पटत नाही असंही नाही. पटतं. पण क्षेपणास्त्रं पाडायची युक्ती यंत्राकडून मिळतेय, औषधाचा व्यापार होण्यासारखा आहे, मग थांबवायचं कुणी? फाइल खाली येते, वर जाते. मी खात्यात हेच बघत आलोय. ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून माणूस कसा मोकळा होतो ते मला कादंबरीकाराने शिकवायला नको, पण विज्ञानकथेत ते प्रथम इथे बघितलं आणि मी हललो.

संपादकांनी सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. मग म्हणाले, ‘तुम्हाला त्यात तुमची नोकरी दिसते. वाचकाला ती पोरगी दिसते.’

हे मी पचवलं असतं. वाक्य चांगलं होतं आणि थोडं खरंही होतं. पण त्यांनी पुढे जे म्हटलं ते नाही पचलं. सहज म्हणाले, प्रुफं नीट करत. ‘आणि हे बघा, हे काय मूळ आहे का? सिरियलचं पुस्तक. त्यांनी पडद्यावरून उचललं, आपण त्यातून उचलायचं. ज्ञानेश्वरी थोडीच आहे, ओवी गाळली म्हणून पाप लागायला.’

मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. जिना उतरल्यावर सुचलं, आणि तेव्हापासून मी ते निरनिराळ्या शब्दांत मनाशी देतोय. प्रुफं घरी आणली, दोन बैठका हाताने लिहून परत घातल्या, पाठवल्या. अंक आला तेव्हा त्या नव्हत्या. मुखपृष्ठावर डोळ्यांतून निळा उजेड सांडणारी मुलगी होती. मानधन वेळेवर आलं, पत्रंही आली. इतकी पत्रं मला आयुष्यात कशासाठी आली नाहीत. ‘खाली ठेववेना’, ‘एका बैठकीत संपवली’. बैठकीत! एका शाळामास्तरांनी लिहिलं होतं, की तुमचं भाषांतर वाटतच नाही, इतकं वेगवान आहे. वेगवान होणारच, निम्मं पुस्तक उतरवून गाडी सोडली होती.

म्हणून मंडळी, तुम्ही ‘राहिलेलं कधी?’ विचारता तेव्हा पंचाईत होते ती ही. तुम्ही उत्तरार्ध मागताय. आंद्रेचं पुढे काय झालं, फ्लेमिंग तिच्यात गुंतला का, यंत्राचा शेवट कसा झाला. ते तर मी तोंडीही सांगेन: फ्लेमिंग कुऱ्हाडीने यंत्र फोडतो. माझं राहिलंय ते मधलं. ते तुम्ही मागत नाही. ते घातलं तर तुम्हाला आवडलेलं पुस्तक हे नव्हेच, असं तुम्हीच म्हणाल.

आता संपादकांना न दिलेलं उत्तर. ‘मूळ नाही’ म्हणजे काय? या पुस्तकाचं मूळ कुठे आहे? १९६१ मध्ये आपल्याकडे टीव्ही म्हणजे दिल्लीतला प्रयोग, मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. आपण मालिका बघणं शक्यच नव्हतं. पण ज्यांनी बघितली त्यांच्याकडे तरी ती कुठे उरली? तेव्हा चित्रफीत महाग होती, एकदा दाखवलं की पुसून पुन्हा वापरायची रीत होती. नट-वादकांच्या संघटनांशी केलेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर बंधनं होती, मग ठेवून करायचं काय, असा हिशेब. बीबीसीच्याच ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेचे जवळपास शंभर भाग याच हिशेबात गेले, आणि त्याच्या चाहत्यांच्या पिढ्या टार्गेट प्रकाशनाच्या पातळ पेपरबॅक कादंबऱ्यांवर वाढल्या. त्यातल्या साठाहून अधिक एकट्या टेरन्स डिक्सनी लिहिल्या. त्या मुलांसाठी पुस्तक हेच मूळ होतं. मालिका गेली आणि पुस्तक राहिलं, तर नक्कल कोण आणि मूळ कोण? हे मी इतक्या ठामपणे म्हणत असे, की अंकातल्या प्रास्ताविकातही लिहून ठेवलं होतं: ‘कादंबरी मालिकेहून सरस आहे.’

मालिका न बघता. ते वाक्य लिहिणाऱ्या माणसाशी माझं गेली काही वर्षं भांडण चालू आहे.

कारण २००५ मध्ये ‘अँड्रोमेडा’चा सहावा भाग सापडला. कुणा खाजगी संग्राहकाकडे फिल्मवरची नक्कल होती, ती बीबीसीकडे परत आली. सातांपैकी पूर्ण असा तेवढाच. बाकी तुकडे आणि पडद्याची छायाचित्रं. दुसऱ्या वर्षी डीव्हीडी निघाली. माझा भाचा लेस्टरला असतो. त्याला माझं वेड माहीत, सुट्टीला येताना घेऊन आला. आमच्या हिने आणि मी जेवणं उरकून लावली. संशोधन म्हणून लावली होती. वही घेऊन बसलो होतो.

वहीत काही लिहिलं नाही.

एक तर ज्युली ख्रिस्ती. ही बाई जन्माने आसामची, चहाच्या मळ्यातली, छबुआची. मालिकेच्या वेळी विशीची, नुकती नाट्यशाळेतून आलेली. आणखी चार वर्षांनी तिने जे काम केलं त्याला ऑस्कर मिळालं. इथे ती क्रिस्तीनही झाली होती आणि आंद्रेही. सहाव्या भागात आंद्रे. ती काही करत नाही. उभी राहते, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबते, आणि तिच्या थांबण्याने समोरचा माणूस जास्त बोलून बसतो. पुस्तकात याच गोष्टीसाठी लेखकांना दोन-दोन वाक्यं खर्चावी लागली आहेत: ती कशी बघत होती, तिचा आवाज कसा सपाट होता. मी त्या वाक्यांवर मराठीत किती घाम गाळला होता! आमची ही म्हणाली, ‘तुम्ही आंद्रेला फारच समजावून सांगितलंय.’ मी म्हटलं, मी नाही, हॉयलनी. ती म्हणाली, ‘तेच.’

हे एक वेळ चाललं असतं. नटाच्या चेहऱ्यापुढे गद्य हरतं, त्यात नवल नाही. मला टोचलं ते दुसरंच. बैठका. ज्यांच्यासाठी मी जिन्यावर हुज्जत घातली त्या खोल्यांमधली माणसं तिथे दिसली, आणि ती जिवंत होती. तो मऊ इंग्रजी आवाज, ‘आम्ही विचार करू’ म्हणताना न बदलणारा चेहरा. वाक्यं जवळपास पुस्तकातलीच वाटत होती. पण पुस्तकात त्यांना आवाज नाही. तिथे नाव, अवतरणचिन्ह, वाक्य, पुन्हा नाव. दृश्य तुटतं, पुढचं दृश्य. खुर्चीतला माणूस आतून काय झाला हे एलियट आणि हॉयल क्वचितच सांगतात, कारण मालिकेत ते सांगायची गरजच नव्हती, नट होते. मग लोकलमध्ये उभं राहून मी जे वाचलं ते काय होतं? ऑस्बर्नच्या तोंडी मी आमच्या खात्यातल्या एका वरिष्ठांचा आवाज घातला होता. व्हॅन्डेनबर्गच्या जागी आणखी कुणी. म्हणजे ‘तुम्हाला त्यात तुमची नोकरी दिसते’ हे संपादकांचं वाक्य नुसतं टोमणा नव्हतं. पुस्तकातल्या रिकाम्या जागा मी भरल्या होत्या. आणि ज्याच्याकडे भरायला काही नाही, त्या शाळामास्तरांना तिथे नुसत्या मीटिंगा दिसल्या असत्या.

मग संपादक बरोबर होते? नाही. हे मी आजही म्हणतो. त्यांनी बैठका फिक्या आहेत म्हणून काढल्या नाहीत, हे पुस्तक उसनं आहे म्हणून काढल्या. फिकं असेल तर फिकं छापा. १९७२ मध्ये इटलीच्या सरकारी टीव्हीने पाच भागांची आपली ‘अँड्रोमेडा’ केली. २००६ मध्ये बीबीसीने स्वतःच पुन्हा केली, टॉम हार्डीला फ्लेमिंग करून, एका बैठकीत संपेल अशी. (पुन्हा तीच बैठक.) त्यांना हवं ते ठेवायचा, हवं ते टाकायचा अधिकार होता, कारण ते स्वतःचं काहीतरी उभं करत होते आणि तसं सांगत होते. संक्षेप करणारा मात्र हेच ते पुस्तक असं सांगतो. इथे माझं डोकं फिरतं.

पण मग माझंही बघा. सहावा भाग बघितल्यावर मी भाषांतराची फाइल पुन्हा काढली आणि बैठकांना हात लावला. फार नाही. ऑस्बर्नने चष्मा पुसला, एवढंच. मग त्याने फाइलीची नाडी सोडली. मग तो सही करण्याआधी खिडकीबाहेर बघायला लागला. बैठक वाचायला छान लागली. आमच्या हिला वाचून दाखवली, तीही म्हणाली, आता माणसं दिसतात. एका रात्री मूळ पुस्तक शेजारी ठेवून ताडून बघितलं, तर जवळजवळ अर्धं पान माझं होतं. लंडनच्या त्या कचेरीत आमच्या फोर्टातल्या कचेरीचा वास यायला लागला होता. जो माणूस ओवी गाळली म्हणून चिडला होता तो आता ओव्या रचून घालत होता.

‘मग तसंच छापा, रूपांतर म्हणा,’ असं मला एका प्रकाशकाने सुचवलं. व्यवहाराचं आहे. नाटकवाले आपल्याकडे हेच करत आलेत, कुणाचं काही अडलं नाही. पण रूपांतर करायचं तर थॉर्नेस तरी कशाला? मग नारायणगावच्या जवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या उभ्या आहेतच, मंत्रालयही आहे, शेरे मारणारे तर मोप आहेत. मोह होतो. दोन प्रकरणं मी तशी लिहूनही बघितली. बरी झाली आहेत. फक्त त्यात हॉयल उरत नाहीत. त्यांचं कोरडेपण, ते मनातलं न सांगणं, नटांच्या भरवशावर मोकळं सोडलेलं असेल, पण पुस्तक वाचणाऱ्या कितीतरी लोकांनी नट बघितलेच नव्हते आणि तरी ते हलले. मी हललोच होतो. लोकलमध्ये मला ज्युली ख्रिस्ती कोण हेही माहीत नव्हतं. तेव्हा ‘सरस आहे’ लिहिणारा तो माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता. त्याने ‘मालिकेहून’ हा शब्द लिहायला नको होता इतकंच म्हणू का? तेही नाही म्हणवत. बाकीचे सहा भाग आज कुणालाच पुरते बघता येत नाहीत. एका भागावरून मालिका जिंकली म्हणायचं, तर मीही तेच करतोय जे त्याने केलं.

हक्कांचं खरंच बघतोय, ते बहाणा म्हणून सांगत नाही. ते मिळतील न मिळतील. मिळाले तरी फाइलीत मंत्रालयातली पहिली बैठक दोन प्रकारांनी आहे: एक हॉयल-एलियटची, सव्वा पान, कोरडी, आणि एक माझी, चष्म्यासकट. कधी वाटतं पहिलीच द्यावी आणि लोकांनी पानं उलटली तर उलटू दे. आमच्या हिचं मत दुसरीला आहे. दातांच्या डॉक्टरांना मी मागच्या खेपेला दोन्ही छापून नेऊन दिल्या, वाचून सांगा म्हटलं. त्यांनी वाचल्या. म्हणाले, ‘छान आहे हो, पण आंद्रे कधी येते?’